धीर, सराव आणि शेअरबाजार

मराठी पुस्तकांच्या दुकानांत आज शिरलें असतां कादंबरी, चरित्र आणि पाकशास्त्र यांच्या शेजारीं एका निराळ्या वाङ्मयानें फळ्या व्यापलेल्या दिसतात. शेअरबाजारांत पैसा कसा मिळवावा हें शिकविणारें हें वाङ्मय होय. त्यांतील कांहीं पुस्तकें मूळ मराठी आहेत, कांहीं इंग्रजीवरून उतरविलेलीं आहेत. कांहींत आलेखांच्या आकृत्या भरलेल्या आहेत, तर कांहींत संतवचनांची पेरणी आहे. वाङ्मयाच्या परीक्षकांनीं या पुस्तकांकडे फारसें पाहिलेलें नाहीं. तीं धंद्याचीं पुस्तकें, त्यांत वाङ्मय तें काय, अशी समजूत असावी. आम्हांस ही समजूत योग्य वाटत नाहीं. कवितासंग्रह वाईट निघाला तर वाचकाची एक सायंकाळ फुकट जाते. परंतु जें पुस्तक वाचून गृहस्थ आपली ठेव मोडतो, त्याची परीक्षा अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे. म्हणून या वाङ्मयांतील मध्यवर्ती सिद्धांताचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

हा सिद्धांत दोन शब्दांत मावतो: धीर आणि सराव. बाजार रोज वरखालीं होतो, नवशिका हांवेनें घेतो आणि घाबरून विकतो, म्हणून त्याचें नुकसान होतें. तोच धीर धरील आणि नित्य सराव करील तर चार-दोन वर्षांत बाजार त्यास वश होईल, असें हीं पुस्तकें थोड्याफार फरकानें सांगतात. पोहणें, तबला, कुस्ती यांचे दाखले दिलेले असतात. अभ्यासाची थोरवी सांगणाऱ्या तुकोबांच्या अभंगाचीहि कोठें तरी आठवण काढलेली असते. वाचणाऱ्यास हें सर्व पटतें, कारण आपल्या मध्यमवर्गीय घरांतून लहानपणापासून हेंच शिकविलेलें असतें. परंतु या उपदेशाची ठेवण पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. नुकसान झालें तर धीर सुटला म्हणून. पुन्हां झालें तर सराव अपुरा म्हणून. फायदा झाला तर तो मात्र पद्धतीचा. औषध लागू पडलें तर वैद्याचा हातगुण आणि न पडलें तर रोग्याचें कुपथ्य, अशा हिशेबानें चालणारा वैद्य कधींच खोटा ठरत नाहीं; आणि जो सिद्धांत कोणत्याहि घटनेनें खोटा ठरूं शकत नाहीं, त्याच्याविषयीं सुशिक्षितानें सावध असलें पाहिजे.

हा प्रश्न आम्हांस केवळ तर्काचा वाटत नाहीं. आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर राहतों. उरण-पनवेलकडील गांवांच्या जमिनी प्रथम नव्या मुंबईसाठीं, मग न्हावा-शेव्याच्या बंदरासाठीं आणि पुढें विमानतळासाठीं गेल्या. १९८४ सालीं उरण तालुक्यांत शेतकऱ्यांचें आंदोलन होऊन गोळीबारांत पांच जण बळी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा नियम त्या आंदोलनाचें फळ आहे. अलिबागकडे मुंबईच्या धनिकांच्या बंगल्यांनीं जमिनीचे भाव चढविले. त्यामुळें ज्या घरांत पूर्वी भात, मीठ आणि मासळी यांखेरीज उत्पन्न नव्हतें, त्यांपैकीं पुष्कळ घरांची आज बँकेंत ठेव आहे, घरीं पदवीधर मुलगा आहे, आणि त्याच्या हातांत असा फोन आहे कीं देवळाच्या पारावर बसून तो मुंबईच्या बाजारांत सौदा करूं शकतो. असे मुलगे आमच्या वर्गांत बसलेले आहेत. ते आळशी नाहींत. ते पहांटे उठून आलेख पाहतात, वहींत टिपणें करितात, आणि पैसे गेले म्हणजे स्वतःस दोष देतात, कारण पुस्तकानें तसेंच सांगितलेलें असतें. खाऱ्या जमिनीस बांध घालून जें शेत पिढ्यान्‌पिढ्या राखलें, त्याचे पैसे एका पावसाळ्यांत संपल्याचीं उदाहरणें आमच्या माहितीचीं आहेत. म्हणून धीर आणि सराव हे दोन शब्द येथें खरे आहेत कीं नाहींत, हें तपासणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

प्रथम सराव घेऊं. सरावानें मनुष्य शहाणा होतो याचीं उदाहरणें या किनाऱ्यावर पावलोपावलीं आहेत. वरसोली, थळ, रेवदंडा, कोर्लई येथील कोळ्यास भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतां येते. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार निघतो, हा त्याचा हिशेब. अष्टमीस सहाच्या सुमारास पाणी भरणार, पौर्णिमेस बाराच्या सुमारास. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत ओहोटीच्या वेळीं चालत जातां येतें. ज्याचा हिशेब चुकला त्यास परतीच्या वाटेवर पाणी आडवें येतें. येथें प्रश्न विचारल्यापासून कांहीं तासांत उत्तर मिळतें, उत्तर खरें असतें, आणि त्याच प्रश्नास पुढील वर्षींहि तेंच उत्तर मिळतें. शिवाय कोळ्यानें भरती ओळखली म्हणून भरती आपली वेळ बदलत नाहीं. या अटी पुऱ्या होतात म्हणूनच वीस वर्षांचा सराव असलेला तांडेल वीस दिवसांच्या नवशिक्याहून निश्चित श्रेष्ठ असतो.

बाजारांत यांपैकीं एकहि अट पुरी होत नाहीं. अविचारानें घेतलेला शेअर दुप्पट होतो आणि विचारपूर्वक घेतलेला निम्म्यावर येतो. म्हणजे चुकीबद्दल बक्षीस आणि शहाणपणाबद्दल दंड, असे प्रसंग वारंवार येतात. कोणता लाभ बुद्धीचा आणि कोणता दैवाचा हें एका व्यवहारावरून कळत नाहीं. शंभरांवरूनहि कळेलच असें नाहीं. आणि भरती-ओहोटीप्रमाणें बाजाराचा एखादा नियम कोणास सांपडलाच, तर दुसरे त्याचा फायदा घेऊं लागतांच तो नियम राहत नाहीं. अशा ठिकाणीं सराव केल्यानें मनुष्याची बोटें चपळ होतील, मनांत आत्मविश्वासहि येईल. परंतु ज्ञान वाढेल असें म्हणण्यास आधार नाहीं.

या संबंधांत अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मुंबईस कुलाबा येथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १८४१ पासून घेतले जात. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांत विजेच्या ट्राम आणण्याचें ठरलें, आणि त्या विजेमुळें सूक्ष्म सुयांच्या हालचालींत गोंधळ होणार हें उघड झालें. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनीं काय केलें? वेध घेणाऱ्यांस आणखी धीर धरा, आणखी सराव करा, असें सांगून ते थांबले नाहींत. गोंधळांतून सत्य निवडण्याची कला माणसास सरावानें येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें आणि उपकरणें गोंगाटापासून दूर, अलिबागेस हालविलीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीनें घेऊन पडताळून पाहिल्या आणि मगच अलिबागच्या नोंदींवर भिस्त ठेविली. शंभरांहून अधिक वर्षें ही नोंद चालू आहे. धीर आणि सराव यांचा यापेक्षां उत्तम नमुना आमच्या जिल्ह्यांत दुसरा नाहीं. पण त्याच्या पायाशीं गोंगाट टाळण्याचा निश्चय आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. क्षणाक्षणाचा भाव पाहत बसण्यास सराव म्हणणारीं पुस्तकें नेमकें याच्या उलट शिकवितात.

केवळ तर्कावर भिस्त न ठेवतां आंकडे पाहूं. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनें जुलै २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. सकाळीं घेऊन सायंकाळच्या आंत विकणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ७१ जणांस २०२२-२३ या वर्षांत नुकसान झालें. वर्षांत ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हेंच प्रमाण शेंकडा ८० निघालें. सराव हीच यशाची किल्ली असती तर अधिक सौदे करणारे कमी हरले असते. येथें ते अधिक हरले. अमेरिकेंतील बार्बर आणि ओडीन या दोन अभ्यासकांनीं १९९१ ते १९९६ या काळांतील ६६,४६५ कुटुंबांचीं खातीं तपासून २००० सालीं असेंच दाखविलें: त्या काळांत बाजारानें सरासरीनें दरसाल शेंकडा १७.९ दिले असतां सर्वांत अधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांस ११.४ च मिळाले. ब्राझीलमध्यें २०१३ ते २०१५ या काळांत निर्देशांकाच्या वायद्यांत दैनिक सौदे करूं लागलेल्यांची पाहणी झाली. तींत ३०० हून अधिक दिवस चिकाटीनें टिकलेल्यांपैकींहि शेंकडा ९७ तोट्यांत होते. तीनशें दिवस टिकणाऱ्यास धीर नव्हता किंवा सराव नव्हता, असें कोण म्हणेल?

या आंकड्यांवरून अधिक सौदे करणारा प्रत्येक मनुष्य बुद्धीनें मागें पडतो, असा अर्थ आम्ही काढीत नाहीं. त्याच्या तोट्याचें एक साधें कारण खर्च हें आहे. प्रत्येक सौद्यामागें दलाली, कर आणि बाजाराची फी द्यावी लागते, आणि ती हरणाऱ्यासहि चुकत नाहीं. सरावासाठीं तालमींत जाणाऱ्यास फार तर दूध-बदामांचा खर्च येतो. येथें प्रत्येक जोर-बैठकेस तिकीट आहे. या साध्या गोष्टीचा हिशेब आम्हीं पाहिलेल्या पुस्तकांत क्वचितच मांडलेला आढळला.

आतां धीर. या शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु एकत्र केल्या जातात, आणि सर्व घोंटाळ्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें. नागांव-चौलच्या वाडींत नारळ लावणारा सहा-सात वर्षें फळाची वाट पाहतो. मुळें वाढलीं कीं नाहींत हें पाहण्यासाठीं तो रोप उपटून पाहत नाहीं. त्याच्या बाजूनें काळ काम करीत असतो, कारण झाड त्याचें आहे आणि तें वाढत आहे. चालत्या धंद्याचा भाग, म्हणजे शेअर, स्वतःच्या पैशानें घेऊन वर्षानुवर्षें ठेवणाऱ्याचा धीर या जातीचा आहे. परंतु ठराविक मुदतीनें भाव कोठें असेल यावर पैज लावणाऱ्याचा धीर त्या जातीचा नाहीं. त्याच्याजवळ झाड नाहीं; त्याच्याजवळ एक तारीख आहे.

आजच्या तरुणांस ज्याची भुरळ पडली आहे त्या ऑप्शनचें स्वरूप पाहावें. ठराविक मुदतीपर्यंत ठराविक भावानें घेण्याचा अथवा विकण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन. हा हक्क विकत घेणारा जी रक्कम मोजतो तींत उरलेल्या मुदतीची किंमत असते, आणि दिवसागणिक ती झिजत जाते. मुदत पुष्कळदां एका आठवड्याची असते. मुदत भरेपर्यंत भाव हवा तेथें गेला नाहीं तर हातीं कांहींहि राहत नाहीं. म्हणजे वाट पाहणें हाच येथें खर्च आहे. बर्फ विकत घेऊन उन्हांत बसलेल्या माणसास सबुरीचा उपदेश करावा, तसा हा प्रकार होय. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणींत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत पडलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ तोट्यांत आढळल्या. प्रत्येकाचा सरासरी तोटा सुमारें २ लक्ष रुपये आणि सर्वांचा मिळून १ लक्ष ८० हजार कोटींहून अधिक. त्यांत आणखी एक गोष्ट आहे: लागोपाठ दोन वर्षें नुकसान सोसलेल्यांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक पुन्हां तोच व्यवहार करीत राहिले. यांच्या अंगीं चिकाटी नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. चिकाटी होती, आणि तीच त्यांस बुडवीत होती. २०२४-२५ या वर्षाच्या पाहणींतहि शेंकडा ९१ व्यक्तींस तोटाच झाला.

या दोन प्रकारच्या धीरांतील भेद मुंबईनें दीडशें वर्षांपूर्वीं पुरेपूर अनुभविलेला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. मुंबईंत पैशाचा पूर आला. १८६५ च्या आरंभीं शहरांत ३१ बँका झाल्या होत्या. बॅकबेचा समुद्र भरून काढण्यासाठीं काढलेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरांत गेला. दिनशा वाच्छा यांनीं या काळाचा वृत्तांत १९१० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. त्या काळांतील पुष्कळसे सौदे रोखीचे नव्हते, मुदतीचे होते, आणि त्यांची मोठी मुदत १ जुलै १८६५ ही होती. वसंतांत युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि ती तारीख उजाडली तेव्हां घेणाराहि देऊं शकेना आणि देणाराहि घेऊं शकेना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढें ८७ रुपयांवर आला, आणि ती जुनी बँक १८६८ सालीं गुंडाळावी लागली. बॅकबेचा समुद्र पुढें भरला गेला आणि त्यावर मुंबईचे रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. परंतु १ जुलैस पैसे देणें असलेल्या माणसास त्याचा काय उपयोग? त्यानें कितीहि धीर धरण्याचें मनांत आणिलें असतें तरी कराराच्या तारखेनें त्यास धरूं दिला नसता.

सरावाचीहि परीक्षा त्याच वर्षीं झाली. त्या बाजारांत प्रेमचंद रायचंद यांच्याहून जाणता आणि मुरलेला दलाल दुसरा नव्हता. सर्व मुंबई त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. पडझडींत तेहि सांपडले. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं आणि राजाबाई मनोऱ्यासाठीं त्यांनीं १८६४ मध्यें दिलेल्या देणग्या मात्र टिकल्या. सट्ट्यांतून काढून दगडांत घातलेला तेवढा पैसा आजहि उभा आहे.

तथापि मालकाचा धीर नेहमीं सफळ होतोच असेंहि आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटल्यास आम्हीहि त्याच पुस्तकांच्या पंक्तीस जाऊन बसूं. एप्रिल १९९२ मध्यें हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येण्याच्या वेळीं मुंबईचा निर्देशांक ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्यें तो ३,००० च्या खालीं होता. म्हणजे ११ वर्षें धीर धरणाऱ्यासहि, मधला लाभांश सोडल्यास, मुद्दल पुरें परत मिळालें नव्हतें. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें आमच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारींत आडव्या केल्या, तेव्हां वर्षानुवर्षांचा धीर जमिनीवर पडलेला आम्हीं पाहिला. फरक इतकाच कीं वाडीच्या मालकाजवळ जमीन उरली आणि त्यानें पुन्हां रोपें लाविलीं. धीर फळाची हमी देत नाहीं. झाड आपलें असेल आणि कर्ज नसेल, तर पुन्हां लावण्याची संधि तेवढी देतो. याहून अधिक अभिवचन जो ग्रंथकार देतो तो ज्योतिष सांगत असतो.

मग या पुस्तकांतील यशाच्या कथा खोट्या काय? बहुतेक खोट्या नसाव्या. परंतु त्यांचा पुरावा कोणत्या जातीचा आहे हें पाहिलें पाहिजे. १,०२४ माणसें दरवर्षीं नाणें उडवून सौदे करूं लागलीं आणि ज्यांचें नाणें उलटें पडलें तीं निघून गेलीं, तर दहाव्या वर्षाच्या अखेरीस एक मनुष्य असा उरेल कीं जो एकदांहि चुकलेला नाहीं. त्यास आपल्या यशाचें रहस्य विचारलें असतां तो प्रामाणिकपणें धीर आणि सराव असेंच सांगेल. पुस्तक तोच लिहील. बाकीचे १,०२३ लिहिणार नाहींत, कारण लिहिण्याजोगें कांहीं घडलें असें त्यांस वाटणार नाहीं. आत्मचरित्राच्या वाङ्मयांतील हा जुनाच दोष येथें पैशाच्या रूपानें महाग पडतो.

या वाङ्मयाचा मूळ पुरुष पाहिला तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. एडविन लफेव्हर या लेखकाचें १९२३ सालीं प्रसिद्ध झालेलें एका सटोडियाच्या आठवणींचें इंग्रजी पुस्तक आजहि या क्षेत्रांत पोथीप्रमाणें वाचलें जातें. स्वस्थ बसण्याचें महत्त्व, चुकीपासून शिकण्याची आवश्यकता, हीं सूत्रें तेथूनच असंख्य पुस्तकांत पाझरलीं आहेत. पुस्तक सरस आहे यांत शंका नाहीं. त्यांतील निवेदनाची ऐट कोणाहि कथालेखकानें अभ्यासावी अशी आहे. परंतु त्याचा नायक ज्याच्यावरून घेतला तो जेसी लिव्हरमोर १९२९ च्या मंदींत सुमारें दहा कोटी डॉलर मिळवून बसला, १९३४ मध्यें दिवाळखोर ठरला, मार्च १९४० मध्यें सौदे कसे करावे यावर स्वतःचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें आत्महत्या केली. बाजाराचा सराव त्याच्याइतका थोड्यांनीं केला असेल. कथा १९२३ सालींच संपते, म्हणून वाचकास शेवट कळत नाहीं. ज्या चरित्राचें उत्तरार्ध फाडलेलें आहे त्यावरून जगण्याचे नियम काढूं नयेत.

येथें कोणी म्हणेल कीं, एक हरतो तेव्हां दुसरा जिंकतो. मग जिंकणारे कोण? प्रश्न रास्त आहे. सेबीच्याच पाहणीप्रमाणें २०२३-२४ मध्यें व्यक्तींनीं जें गमावलें, त्यांतून स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनीं सुमारें ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनीं सुमारें २८,००० कोटी रुपये मिळविले, आणि या नफ्याचा बहुतेक भाग गणकयंत्रांनीं आपोआप केलेल्या सौद्यांचा होता. तेव्हां सरावाचा उपयोग नाहीं असें नव्हे. मोठें भांडवल, गणिती मंडळी आणि निमिषांत सौदा करणारीं यंत्रें ज्यांच्याजवळ आहेत त्यांस तो आहे. मांडव्याच्या धक्क्यावर पोहायला शिकलेल्या मुलास, भरपूर सराव कर म्हणजे आगबोटीच्या पुढें जाशील, असें सांगणें हें त्याच्या मेहनतीचा उपहास करण्यासारखें आहे.

आतां शब्दांविषयीं थोडेसें. अभ्यास हा शब्द या पुस्तकांनीं आपल्या अध्यात्मवाङ्मयांतून उचलला, पण त्याचा जोडीदार तेथेंच सोडून दिला. पतंजलीच्या योगसूत्रांत आणि गीतेच्या सहाव्या अध्यायांत मन आवरण्याचा जो उपाय सांगितला आहे, त्यांत अभ्यासाबरोबर धीर नाहीं, वैराग्य आहे. ही जोडी विचारपूर्वक घातलेली आहे. वैराग्यावांचून केलेला अभ्यास म्हणजे संवय, आणि संवय चांगली कीं वाईट हें तिच्या विषयावर अवलंबून राहतें. जुगाऱ्याचा अभ्यासहि दीर्घकाळ आणि अखंड चाललेला असतो. बाजाराच्या बाबतींत वैराग्याचा अर्थ अगदीं व्यावहारिक आहे: सौदा न करतां एक वर्ष राहतां येणें, शेजाऱ्याचा फायदा ऐकून स्वस्थ झोंप लागणें, आणि हा विषय आपला नव्हे असें ठरल्यास न लाजतां सोडून देणें. कोळी जूनच्या आरंभापासून जुलैअखेर होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करतो. वर्षांतील हा काळ समुद्रांत न जाण्याचा, हेंहि त्याच्या विद्येचेंच अंग आहे. बाजाराच्या कोणत्याहि शिकवणींत न जाण्याचा धडा आम्हांस ठळक अक्षरांत दिसला नाहीं, आणि ज्यांचें उत्पन्न सौद्यांच्या संख्येवर अवलंबून आहे त्यांनीं तो छापावा अशी अपेक्षाहि करतां येत नाहीं.

यावरून शेअरबाजाराचें पुस्तक हातांत धरूं नये असा आमचा निष्कर्ष नाहीं. कंपनीचा ताळेबंद वाचण्याचा सराव अवश्य करावा. तेथें प्रश्नास उत्तर आहे, आणि तें पडताळतां येतें. घरखर्च भागून, कर्ज न काढतां, उरलेल्या पैशांतून थोडेथोडे शेअर घेऊन दीर्घकाळ ठेवण्यास धीर लागतो, आणि तो गुणहि आहे. १९४९ सालीं बेंजामिन ग्रॅहम यांनीं गुंतवणूक करणारा आणि सट्टा करणारा यांत जो भेद केला, तो आमच्या नव्या ग्रंथकारांनीं पुसून टाकला नसता तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवें जमा करणें हाच या वाङ्मयाचा मुख्य दोष आहे. वाडी लावणाऱ्याची पुण्याई पैज लावणाऱ्यास बहाल केली आहे. आणि आपल्या घरांतून धीर व सराव या शब्दांस जो मान आहे, तोच मान ग्राहक पकडण्याचें जाळें झाला आहे.

अशा पुस्तकाच्या लेखकाकडे आमचीं तीन मागणीं आहेत. त्यानें आपला सर्व वर्षांचा जमाखर्च, दलाली आणि कर वजा करून, छापावा. तीच रक्कम साध्या ठेवींत अथवा निर्देशांकाप्रमाणें गुंतविली असती तर काय झालें असतें, तें शेजारच्या रकान्यांत द्यावें. आणि त्याच्या उत्पन्नांत सौद्यांचा वांटा किती आणि शिकवणीचा किती, हें सांगावें. या तीन रकान्यांचें एक पान ज्या पुस्तकांत असेल तें आम्ही आदरानें वाचूं, मग त्याची मराठी कशीहि असो. तोंपर्यंत ज्या घरांत मुलगा पहांटे उठून आलेख पाहत बसतो, तेथील वडील मंडळींनीं त्यास रागें भरूं नये आणि कौतुकहि करूं नये. महिनाअखेरीस त्याच्याजवळ बसून हेच तीन रकाने त्याच्याकडून भरून घ्यावे. एक वर्ष असे रकाने भरण्याचा धीर ज्यानें दाखविला, त्यास पुढें काय करावें हें बहुधा दुसऱ्या कोणीं सांगावें लागणार नाहीं.